पुण्यातलं कॉम्प्युटर की नांदेडचं ईएनटीसी? इंजिनिअरिंगचं कॉलेज निवडताना

लातूरहून एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलीला एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात ९१ पर्सेंटाइल आहेत. प्रवर्ग ओबीसी, घरचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांच्या आसपास. मुलीला इलेक्ट्रॉनिक्स आवडतं, अकरावीपासून आर्डुइनोचा, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड घेऊन काही ना काही जोडत बसते. नातेवाईक म्हणतात, शाखा घ्यायची तर कॉम्प्युटरच आणि गाव घ्यायचं तर पुणेच. मामा मॅनेजमेंट कोट्यातून पुण्यात जागा बघायलाही तयार आहेत. तर कॉलेज नेमकं कशावरून निवडायचं? आणि शेवटी जाता जाता विचारलंय, एक वर्ष ड्रॉप घ्यावा का?

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि प्रवेशाच्या दिवसांत सुविधा केंद्रावर बसतो. त्यामुळे मला कॉलेजं आतूनही दिसतात आणि काउंटरच्या पलीकडून येणारी कुटुंबंही. उत्तर लांबणार आहे, पण मामांचा प्रस्ताव आधी निकालात काढू, कारण त्यात तुमचे काही लाख रुपये अडकलेत.

महाराष्ट्र सरकारच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. तुमची मुलगी त्यात बसते. मात्र अट अशी, की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या जागेला ही माफी नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही तिच्या बाहेर आहेत. म्हणजे मामांनी प्रेमाने मिळवून दिलेल्या जागेची चार वर्षांची पूर्ण फी तुमच्या खिशातून जाणार. वर कुणी पावतीशिवाय काही मागितलं तर तो सरळसरळ गुन्हा आहे. देणगी शुल्क घेण्यावर महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. कुठल्या खासगी कॉलेजची अधिकृत फी किती, हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय बघायला मिळतं. एजंटचा फोन उचलण्याआधी ते उघडा.

आता मुलीकडे येऊ. मुलांची आवड पालकांना वाटते तितकी कच्ची नसते, आणि मुलांना वाटते तितकी पक्कीही नसते. आर्डुइनोवर एलईडी लुकलुकवणं, सेन्सर लावून पंखा सुरू करणं यात मजा आहेच. पण ईएनटीसीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला सिग्नल्स अँड सिस्टिम्स नावाचा विषय येतो. त्यात फूरिए आणि लाप्लास रूपांतरं असतात, आणि त्या काळात हातात सोल्डरिंग गन कमी आणि पेन जास्त असतं. पुढे इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स आहे, त्यात व्हेक्टर कॅल्क्युलस आहे. हे गणित ज्याला पचतं त्याला शाखा पचते. कॉम्प्युटरचंही तसंच. तिथे डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम्स आहेत, आणि 'मला मोबाइल छान वापरता येतो' याचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

तर एक आठवडा काढा. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. मुलीला सिग्नल्स अँड सिस्टिम्सची पहिली तीन-चार आणि डेटा स्ट्रक्चर्सची पहिली तीन-चार व्याख्यानं बघायला सांगा. शेजारी बसून 'कळलं का' विचारू नका. कळणार नाहीच सगळं. एवढंच बघा की कुठलं व्याख्यान तिने अर्ध्यात बंद केलं आणि कुठल्याच्या वेळी वही पुढे ओढली. कल चाचण्यांवर पैसे घालण्यापेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं.

दोन्हीकडे सारखाच रस दिसला तर भांडण बऱ्यापैकी मिटतं. ईएनटीसीचा विद्यार्थी सॉफ्टवेअरच्या नोकरीत जातो, हे आता कुणाला सांगायला नको. मोठ्या आयटी कंपन्या भरतीच्या वेळी बऱ्याचदा सगळ्या शाखांना बसू देतात. उलट दिशेने, कॉम्प्युटरमधून चिप डिझाइन किंवा आरएफकडे, म्हणजे रेडिओ लहरींवरच्या कामाकडे जाणं फार अवघड आहे. शिवाय बऱ्याच स्वायत्त कॉलेजांत दुसऱ्या शाखेतला मायनर, म्हणजे जोडविषयांचा छोटा गट घेता येतो. ईएनटीसीची पदवी आणि कॉम्प्युटरचा मायनर ही जोडी मला तुमच्या मुलीसाठी वाईट वाटत नाही.

शाखांच्या नावांबद्दल एक. एआय अँड डेटा सायन्स, एआय-एमएल, सायबर सिक्युरिटी, आयओटी अशा पाट्यांनी फॉर्म भरून वाहतोय. त्यातल्या बऱ्याच शाखांचा पहिल्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम कॉम्प्युटरशी बहुतांशी जुळतो. दोन्हींचे अभ्यासक्रम संकेतस्थळावरून उतरवून घ्या, शेजारी शेजारी ठेवा आणि वेगळे विषय किती ते मोजा. चार-पाचच निघाले तर नावासाठी दूरचं कॉलेज घेण्यात अर्थ नाही.

कॉलेजकडे येताना माझं सगळं म्हणणं एका गोष्टीत आहे: तुम्ही कॉलेज निवडताय असं समजू नका, विभाग निवडताय असं समजा. मुलगी चार वर्षांतली साडेतीन वर्षं एका मजल्यावर, त्याच दहा-पंधरा शिक्षकांबरोबर आणि त्याच पाच-सहा प्रयोगशाळांत काढणार आहे. कॉलेजची कमान, सभागृह आणि वर्तमानपत्रातली पानभर जाहिरात त्या मजल्यावर पोचत नाही. एकाच आवारात उत्तम मेकॅनिकल आणि रडतखडत चाललेलं ईएनटीसी मी पाहिलेलं आहे.

विभाग कागदावर तपासायच्या काही सोप्या जागा आहेत. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेच्या नियमानुसार प्रत्येक संस्थेला 'मँडेटरी डिस्क्लोजर' संकेतस्थळावर टाकावं लागतं. त्यात शिक्षकांची विभागवार यादी असते, बहुतेक ठिकाणी रुजू झाल्याची तारीखही असते. पदवीसाठी २० विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक हे प्रमाण ठरलेलं आहे. प्रवेश क्षमता १२० असेल तर चारही वर्षांचे मिळून ४८० विद्यार्थी, म्हणजे २४ शिक्षक हवेत. यादीत १४ नावं असतील आणि त्यातली ९ गेल्या दीड वर्षात रुजू झालेली असतील, तर तो विभाग तात्पुरत्या माणसांवर चाललाय. कॉम्प्युटर आणि त्याच्या भावंड शाखांत हे जास्त बघायला हवं. २०२४-२५ पासून एआयसीटीईने शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा काढली, आणि अनेक ठिकाणी तुकड्या भराभर वाढल्या. बाकं एका सुट्टीत वाढवता येतात, चांगले शिक्षक तसे वाढवता येत नाहीत.

नॅक आणि एनबीए या दर्जा तपासणाऱ्या दोन संस्थांतला फरक पालक विचारतात. नॅकची श्रेणी अख्ख्या संस्थेला मिळते. एनबीएचं मानांकन एकेका शाखेला आणि ठरावीक मुदतीपुरतं मिळतं. तुम्हाला एनबीए बघायचंय, तेही मुलीच्या शाखेचं, आणि मुदत संपलेली नाही ना ते. मुलगी पुढे परदेशात जाईल असं मनात असेल तर अजून एक: भारत २०१४ पासून वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्यांना देशादेशांत परस्पर मान्यता देणाऱ्या कराराचा पूर्ण सदस्य आहे, पण त्याचा फायदा एनबीएच्या टिअर-१ मानांकनाला मिळतो. टिअर-२ ला तो नाही.

प्लेसमेंटच्या आकड्यांवर मात्र जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त धूळफेक तिथे होते. 'हायेस्ट पॅकेज' हा एका विद्यार्थ्याचा आकडा आहे, त्यावरून काहीही ठरवू नका. '४५० ऑफर्स' म्हणजे ४५० विद्यार्थी नव्हेत. एकाच मुलाच्या हातात तीन ऑफर्स असतात आणि तिन्ही मोजल्या जातात. '९५ टक्के प्लेसमेंट' म्हणताना एकूण विद्यार्थी म्हणून कुणाला धरलंय ते विचारा. बऱ्याचदा फक्त 'पात्र' विद्यार्थी धरलेले असतात, म्हणजे ज्यांचा एकही विषय राहिलेला नाही आणि ज्यांना ठरावीक सीजीपीए आहे असे.

खरं चित्र बऱ्यापैकी दिसेल अशी एक जागा आहे. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था आपली माहिती ठरावीक नमुन्यात भरतात आणि ती पीडीएफ स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवतात. क्रमवारीत कितवा नंबर लागला हे विसरा आणि ती पीडीएफ उघडा. चार वर्षांच्या पदवीच्या तक्त्यात एका ओळीत हे सगळं असतं: त्या तुकडीत पहिल्या वर्षाला किती जणांनी प्रवेश घेतला, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला किती आले, त्यातले किती वेळेत पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मध्यक पगार किती आणि उच्च शिक्षणाला किती गेले. समजा, ३६० अधिक ४० असे ४०० आत आले, वेळेत २७० बाहेर पडले, नोकरी १५० जणांना लागली आणि ३० पुढे शिकायला गेले. मग जाहिरातीत काहीही छापलेलं असो, आत आलेल्या प्रत्येक १०० मुलांमागे ४५ जणांचा मार्ग वेळेत लागला. मध्यक पगार म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी मिळाला, हेही लक्षात ठेवा. हे आकडे संस्थेनेच भरलेले असतात आणि सगळ्या शाखा मिळून असतात, तेव्हा त्यांनाही देववाणी समजू नका. पण तीन वर्षांच्या ओळी एकाखाली एक बघितल्या की कल कळतो. शाखावार यादी प्लेसमेंट अधिकाऱ्याकडे मागा. ईएनटीसीची यादी मिळाली तर त्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणाऱ्या कंपन्या किती आहेत ते बघा. सगळ्याच आयटीतल्या निघाल्या तर विभागाची उद्योगाशी ओळख नाही.

मग प्रत्यक्ष जा. शनिवारी नको, मधल्या वारी, दुपारी दोननंतर, प्रॅक्टिकल चालू असताना. प्रवेश कक्षातला माणूस तुम्हाला फिरवायला निघेल. त्याचे आभार माना आणि विभागात तुमचे तुम्ही जा. ईएनटीसीची प्रयोगशाळा असेल तर ऑसिलोस्कोपजवळ, म्हणजे सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राजवळ उभे राहा. एका टेबलावर किती मुलं आहेत? दोघं-तिघं असतील तर ठीक. आठ जण असतील तर एक जण नॉब फिरवतो, दुसरा रीडिंग लिहितो आणि उरलेले सहा जण नंतर जर्नल उतरवून काढतात. प्रोबची टोकं तुटलेली आहेत का? ती तुटतातच, सतत वापरात असतात म्हणून तुटतात. प्रश्न हा, की बदललेली आहेत का. चकचकीत, प्लॅस्टिकचं कव्हरही न काढलेलं महागडं यंत्र कोपऱ्यात दिसलं तर ते तपासणी समितीसाठी आहे असं मी समजतो. प्रयोगशाळा साहाय्यकाशी दोन शब्द बोला. त्या खोलीत काय चालतं हे विभागप्रमुखांपेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाची मुलं-मुली गाठा. पहिल्या वर्षाच्यांना अजून काही कळलेलं नसतं आणि शेवटच्या वर्षाचे वैतागलेले असतात. 'कॉलेज कसं आहे' असं विचारलं की 'चांगलं आहे काका' एवढंच ऐकायला मिळतं. नेमकं विचारा. गेल्या सेमिस्टरला अर्ध्यातून किती सर-मॅडम सोडून गेले? शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट मुलं स्वतः करतात की तयार विकत आणतात? प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी मिळते का? मुलगी बरोबर असेल तर तिला मुलींशी एकटीने बोलू द्या, तुम्ही चहा घ्या. वसतिगृहाचं पाणी, रात्री परतायची वेळ, तक्रार केली तर कोण ऐकतं, हे तुमच्यासमोर कुणी बोलणार नाही.

वसतिगृहाचं आणखी एक कार्यालयात विचारा: पहिल्या वर्षाच्या बाहेरगावच्या मुलींना जागेची खात्री आहे का, आणि दुसऱ्या वर्षानंतर ती टिकते का? शिकवणी शुल्क माफ झालं तरी राहणं-खाणं तुमचंच आहे. विकास शुल्कही माफीत येत नाही. पुण्यात भाड्याच्या खोलीत चार वर्षं आणि नांदेडला वसतिगृहात चार वर्षं, हा हिशेब कागदावर मांडा.

पुण्याचा फायदा खराच आहे, मी तो नाकारत नाही. कंपन्या जवळ असतात, इंटर्नशिप सोपी होते, स्पर्धा आणि क्लब भरपूर असतात. पण तो फायदा तिसऱ्या-चौथ्या वर्षात मिळतो, आणि उन्हाळ्यात दोन महिने पुण्यात राहून बराचसा मिळवता येतो. दुबळ्या विभागाची भरपाई मात्र शहर करत नाही. तुमच्याजवळ नांदेडची श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे. १९८१ मध्ये सुरू झालेली, अनुदानित, स्वायत्त. तिथे ईएनटीसी आहे आणि इन्स्ट्रुमेंटेशन, म्हणजे मोजमाप आणि नियंत्रणाची शाखाही आहे. सेन्सर आवडणाऱ्या मुलीने इन्स्ट्रुमेंटेशनकडे एकदा तरी बघावं; पालक त्या शाखेकडे नाव ओळखीचं नाही म्हणून वळत नाहीत. वर सांगितलेल्या तपासण्या या संस्थेलाही लावा, मी नाव घेतलं म्हणून सोडू नका.

गेल्या वर्षीचा कटऑफ वाचताना बहुतेक घरांत गोंधळ होतो, म्हणून ते सांगतो. यादीत स्तंभांवर जी-ओपन-एच, एल-ओबीसी-ओ असली अक्षरं असतात. सुरुवातीचा जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधे प्रवर्ग. शेवटचा एच म्हणजे त्या कॉलेजच्या गृह विद्यापीठ क्षेत्रातले विद्यार्थी, ओ म्हणजे त्याबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. लातूर हे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात येतं. तेव्हा पुण्यातल्या कॉलेजात एचचा स्तंभ बघून 'आपलं होतंय' म्हणणं चूक. तुम्हाला ओ किंवा एस बघायचंय. प्रत्येक चौकटीत गुणवत्ता क्रमांक आणि त्याखाली कंसात पर्सेंटाइल असतं. दोन्ही बघा, आणि पहिल्या फेरीबरोबर शेवटच्या फेरीचीही यादी बघा. मुलीसाठी एल-ओबीसी बरोबर जी-ओबीसी आणि दोन्ही ओपनचे स्तंभही लागू आहेत.

टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिकवणी शुल्क माफीच्या ५ टक्के वाढीव जागा, यांचा पर्याय क्रमांक वेगळा असतो आणि कटऑफ सहसा चढा असतो. तुमच्या मुलीला फी आधीच माफ आहे. शिवाय त्या जागेवर घेतलेल्या प्रवेशात पुढे शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही. त्याची एकच बाजू जमेची: मुलींच्या माफीसाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर दरवर्षी अर्ज करावा लागतो, इथे ती कटकट नाही. मी साधी जागा वर ठेवीन.

ऑप्शन फॉर्मचा, म्हणजे कॅपमध्ये कॉलेज-शाखांचे पर्याय भरायच्या फॉर्मचा क्रम फक्त एका निकषावर लावा: ही जागा आणि खालची जागा दोन्ही हातात आल्या तर मुलगी कुठली घेईल? कटऑफच्या उतरत्या क्रमाने लावू नका. न मिळणारे पर्याय वर टाकले तर खालचे हुकतात, ही अफवा आहे. संगणक गुणवत्ता क्रमाने एकेका उमेदवाराची यादी वरून खाली तपासतो आणि मिळेल तो पहिला पर्याय देतो. उलट धोका नको असलेला पर्याय वर ठेवण्यात आहे. २०२५-२६ च्या प्रक्रियेत चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसरीत पहिल्या तीनपैकी एखादा, तिसरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला, की जागा आपोआप गोठायची. मग पुढच्या फेरीचा रस्ता बंद. त्यामुळे पहिल्या सहा ओळींवर घरात खरी चर्चा व्हायला हवी. 'असू दे सेफ म्हणून' असं म्हणत तिथे काहीही घुसवू नका. नियम वर्षागणिक बदलतात, तेव्हा तुमच्या वर्षाची माहितीपुस्तिका सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून घेऊन हा भाग स्वतः वाचा. आणि फॉर्म मुलीने भरावा, सायबर कॅफेवाल्याने नाही. पासवर्ड दुसऱ्याकडे गेला आणि पर्याय परस्पर बदलले गेले, अशी रडारड दरवर्षी आमच्या खिडकीशी येते.

नॉन-क्रीमी लेयरचं प्रमाणपत्र चालू मुदतीचं आहे ना आणि जात वैधता हातात आहे ना, हे आजच बघा. ते नसलं तर वरचं सगळं ओपनच्या हिशेबाने पुन्हा मांडावं लागेल, आणि फीमाफीही जाईल.

राहिला ड्रॉप. ९१ वरून ९७-९८ पर्यंत मुलं जातात, नाही असं नाही, पण तसं वर्ष काढायला काहीतरी ठोस कारण लागतं: परीक्षेच्या वेळी आजारपण, एखादा विषय पूर्ण राहून जाणं, किंवा अमुक एकच संस्था हवी हा मुलीचा स्वतःचा हट्ट. 'कॉम्प्युटर मिळालं नाही' हे नातेवाइकांचं कारण झालं. मुलीला हवी ती शाखा बऱ्यापैकी विभागात यंदाच मिळण्यासारखी असेल, तर मी ड्रॉप घ्यायला सांगणार नाही. आधी पहिल्या फेरीत काय हाताला लागतं ते बघा, आणि पहिल्या सहा ओळी ठरल्या की इथे लिहा, मी नजर टाकीन.